गुडघ्याखालच्या नसांची इजा आणि फूट ड्रॉप

गुडघ्याखाली पायाचा कारभार मुख्यतः दोन नसा बघतात, दोन्ही सायटिक नर्व्हच्याच (कमरेकडून मांडीच्या मागून खाली येणारी मोठी नस) फांद्या. पोटरीतून तळव्याकडे जाते ती टिबियल, आणि गुडघ्याच्या बाहेरून वळसा घालून पुढे येते ती कॉमन पेरोनियल, हिलाच हल्ली फिब्युलर म्हणतात. टिबियल खोल स्नायूंच्या आड असल्याने सहसा वाचते. पेरोनियलचं तसं नाही, गुडघ्याच्या बाहेर जरा खाली जो हाडाचा उंचवटा हाताला लागतो त्याच्या लगेच खाली ती हाडाला चिकटून जाते आणि वर कातडी सोडली तर फारसं काहीच नाही, त्यामुळे पायात सगळ्यात जास्त मार हीच खाते.

पुण्यात कारण म्हटलं की आधी टू-व्हीलरच आठवते, बाजूने बंपर लागला की तो बरोबर या जागी बसतो, शिवाय गुडघा निखळणं आणि फिब्युलाचं (पायातलं बाहेरच्या बाजूचं बारीक हाड) फ्रॅक्चर आहेच. पण अपघात न होताही नस दबते, घट्ट प्लास्टर, कुशीवर झालेलं लांबलचक ऑपरेशन, आजारपणात झपाट्याने उतरलेलं वजन, मांडीवर मांडी टाकून बसायची सवय, आणि मंचरकडे बटाटा काढणीला किंवा खुरपणीला तासन्‌तास उकिडवं बसणं, संध्याकाळी उठलं की पाऊल लोंबतंय. कुष्ठरोगातही हीच नस याच जागी दोरीसारखी जाड होऊन हाताला लागते, आणि तो आजार संपला असं समजून डॉक्टरसुद्धा कधी कधी तिथे हात लावून बघत नाहीत. कोंढव्याला त्यासाठीचं सरकारी हॉस्पिटल आजही आहे.

लक्षण म्हणजे फूट ड्रॉप. पाऊल वर उचलत नाही, चवडा फुटपाथच्या पेव्हर ब्लॉकला अडकतो, मग माणूस गुडघा उंच उचलून पाऊल फट्‌फट्‌ आपटत चालतो. गिअर पायाच्या बोटांनी वर उचलायच्या बाइकवर डाव्या पायाला हे झालं तर गिअरच पडत नाही. पावलाची वरची बाजू आणि अंगठ्याशेजारची बेचकी बधिर होते. टिबियल गेली तर उलटं, चवड्यावर उभं राहता येत नाही आणि तळवा बधिर. बधिर पायाचा खरा धोका म्हणजे चटका, सायलेन्सरला पाय टेकलेला कळत नाही, आणि घरचे मायेने गरम पाण्याची पिशवी ठेवतात आणि फोड येतात.

पाऊल असं लोंबायला लागलं की बरेच जण थेट कमरेचा एमआरआय काढतात, त्यात चाळिशीनंतर डिस्क थोडीफार सरकलेली बऱ्याचदा दिसते आणि गाडी तिकडे वळते. फरक ओळखायला साधी तपासणी आहे. पाऊल आतल्या बाजूला वळवायची ताकद शाबूत असेल तर दोष बहुतेक गुडघ्यापाशी, तीही गेली असेल तर कमरेतली एल-फाइव्ह नस किंवा वर सायटिकवर संशय, कारण आत वळवणारा मुख्य स्नायू पेरोनियलवर नाही, टिबियलवर चालतो. ईएमजी आणि नर्व्ह कंडक्शन, म्हणजे स्नायू आणि नस किती चालते ते बघायच्या विजेच्या तपासण्या, साधारण ३ आठवड्यांनी करतात, पहिल्याच आठवड्यात घाई केली तर रिपोर्ट फसवा येऊ शकतो.

नसेच्या इजेचे ३ प्रकार ब्रिटिश सर्जन सेडनने १९४३ मध्ये मांडले ते अजून चालतात. नुसती दबून बंद पडलेली नस काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत सुरू होते. आतले धागे तुटले पण आवरण शाबूत असेल तर ते दिवसाला जेमतेम १ मिमी वाढतात. पूर्ण तुटली तर आपोआप जुळत नाही. हिशेब इथेच महत्त्वाचा, गुडघ्यापासून पुढच्या स्नायूपर्यंत १० सेंमी म्हणजे ३-४ महिने, पण इजा मांडीत असेल तर ३० सेंमी, म्हणजे जवळपास वर्ष, आणि नस न पोचलेला स्नायू १२ ते १८ महिन्यांत कायमचा सुकतो. म्हणून ‘बघू, येईल हळूहळू’ म्हणत वर्ष घालवणं सगळ्यात महागात पडतं.

काचेने किंवा कोयत्याने कापलं असेल तर काही दिवसांतच शिवतात. बंद मार, म्हणजे कातडी न फाटता लागलं असेल तर ३ महिने वाट बघतात, सुधारणा नाही दिसली तर नस उघडून बघतात, मध्ये फट असेल तर पोटरीतली स्युरल नस काढून तिचा तुकडा मध्ये जोडतात (ग्राफ्ट). फट ६ सेंमीच्या आत असली तर आशा बरी. कुष्ठरोगात मात्र एमडीटीबरोबर (त्या आजारावरची एकत्र द्यायची औषधं) स्टिरॉइड, तेही नस जाऊन ६ महिने व्हायच्या आत. बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं सर्रास देतात, कमतरता असेल तर ठीक, तुटलेली नस त्याने जुळत नाही, तेल मालिशनेही नाही.

पाय फ्रॅक्चरनंतर दगडासारखा कडक झाला आणि दुखणं सहन होईना तर मात्र थांबायचं नाही, तो कंपार्टमेंट सिंड्रोम (आतल्या स्नायूंवर दाब वाढून रक्त अडणं) असू शकतो, काही तासांत ऑपरेशन लागतं.

वाट बघायच्या काळात टाच आखडू न देणं हे मुख्य काम, रोज स्ट्रेचिंग आणि एएफओ स्प्लिंट (घोटा आणि पाऊल सरळ धरून ठेवणारा आधार). वानवडीच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरमुळे (१९४४ चं, लष्कराचं) पुण्याला अशा कामाची ओळख जुनी आहे. एएफओ चपलेत नीट बसत नाही, एक नंबर मोठा बूट घ्यावा लागतो, त्यामुळे लोक तो खुंटीला टांगून ठेवतात. नस परत आलीच नाही तर पाऊल आत वळवणारा तोच स्नायू सोडवून पावलाच्या वरच्या बाजूला जोडतात, टेंडन ट्रान्सफर म्हणतात त्याला, टाच आखडलेली असली तर आधी ती सोडवावी लागते. नंतर फिजिओ पेशंटला सुरुवातीला ‘वर उचला’ असं सांगतच नाही, ‘आत वळवा’ म्हणतो, आणि पाऊल वर येतं.