डाळिंबाचे ऊती संवर्धन (सोलापूर)

डाळिंबाच्या फांदीचा डोळ्यासह घेतलेला लहान तुकडा निर्जंतुक काचपात्रात पोषण माध्यमावर वाढवून एकाच झाडापासून पुष्कळ एकसारखी रोपे मिळविण्याची पद्धत. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा भागातील बागायतदार अशा रोपांना ‘टिश्यूची रोपे’ म्हणतात.

पूर्वपीठिका : या पद्धतीचे मूळ ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ गोट्लीब हाबरलांट (१८५४–१९४५) यांच्या १९०२ मधील निबंधात शोधण्याचा प्रघात आहे. वनस्पतीच्या सुट्या पेशीपासून पूर्ण वनस्पती वाढू शकेल, असे त्यांचे अनुमान होते. त्यांनी पानांतील पूर्ण वाढलेल्या पेशी पोषक द्रावणात काही आठवडे जिवंत ठेवल्या. पेशी आकाराने वाढल्या, पण एकीचेही विभाजन झाले नाही. वृद्धिसंप्रेरके (वाढ नियंत्रित करणारी वनस्पतीतील द्रव्ये) तेव्हा ज्ञात नव्हती आणि निवडलेल्या पेशी विभाजनाची क्षमता बहुतांशी गमावलेल्या होत्या, हे त्याचे कारण आता सर्वमान्य आहे. १९३९ च्या सुमारास गोत्रे, नोबेकूर व व्हाइट यांनी ऊतींची (समान पेशींच्या समूहांची) अखंड वाढ साधली. ऑक्सिन व सायटोकायनिन या वृद्धिसंप्रेरकांच्या प्रमाणावर मूळ फुटणार की कोंब हे ठरते, असे स्कूग व मिलर यांनी १९५७ मध्ये दाखविले.

हाबरलांट यांचे अनुमान प्रथम कोणी सिद्ध केले, याबद्दल एकमत नाही. अनेक पाठ्यपुस्तके १९५८ मधील स्ट्यूअर्ड यांच्या गाजरावरील प्रयोगांना मान देतात. त्याच सुमारास राइनेर्ट यांनीही गाजरातच भ्रूणसदृश रचना मिळविल्या होत्या. तथापि या दोन्ही कामांत सुरुवात पेशीपुंजापासून झाल्याचा आक्षेप राहतो. एकट्या, वेगळ्या केलेल्या पेशीवर सतत नजर ठेवून तिच्यापासून तंबाखूचे रोप वाढविल्याचा वासिल व हिल्डेब्रांट यांचा १९६५ मधील पुरावा अधिक काटेकोर मानावा लागतो.

सोलापूरच्या संदर्भात मात्र ही वंशावळ थेट लागू पडत नाही. डाळिंबाची व्यापारी रोपे सुट्या पेशींपासून तयार होत नाहीत. ती पानाच्या बगलेतील डोळ्यापासून, म्हणजे आधीच संघटित असलेल्या विभाजी (सतत नव्या पेशी बनविणाऱ्या) ऊतीपासून होतात. त्यामुळे या पद्धतीचा जवळचा पूर्वज हाबरलांट यांच्या निबंधापेक्षा मोरेल व मार्टिन यांचे १९५२ मधील काम ठरते. त्यांनी विषाणुग्रस्त डेलियाच्या शेंड्यापासून निरोगी झाडे मिळविली होती. या भेदाला व्यवहारातही महत्त्व आहे. असंघटित पेशीपुंजातून वाढलेल्या रोपांत आनुवंशिक बदल संभवतात. डोळ्यापासूनच्या रोपांत ते पुष्कळ कमी असतात आणि ‘भगवा’ वाण भगवाच राहतो.

तंत्र : सामान्यतः मुराशिगे–स्कूग माध्यम (१९६२) किंवा त्याचे फेरफार केलेले रूप वापरतात. कोंबांसाठी बेंझिल ॲमिनोप्युरीन व मुळांसाठी इंडोल ब्युटिरिक आम्ल प्रचलित आहे. मुख्य अडचण डाळिंबाच्या स्वभावातच आहे. कापलेल्या भागातून टॅनिनयुक्त फिनॉल संयुगे पाझरतात, माध्यम तपकिरी पडते आणि तुकडा मरतो. वारंवार माध्यम बदलणे, सक्रियित कोळसा किंवा ॲस्कॉर्बिक आम्ल मिसळणे हे त्यावरचे उपाय. ‘गणेश’ वाणाच्या प्रौढ झाडांच्या पेरांपासून रोपे मिळविण्याची पद्धत नाईक, पटनाईक व चांद यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. काचपात्रातील दमट हवेत वाढलेल्या रोपाच्या पानांवर मेणाचा थर पातळ असतो, त्यामुळे सोलापूरच्या कोरड्या हवेत लावण्याआधी ते टप्प्याटप्प्याने कणखर करावे लागते. या अवस्थेत मुळांशी सहजीवन करणाऱ्या कवकांचाही उपयोग करतात.

सोलापुरातील स्थान : गुटी कलम (झाडावरच फांदीला मुळे फोडून ती वेगळी करणे) ही येथील रूढ पद्धत. स्वस्त आणि सोपी असली तरी रोगट मातृवृक्षाची गुटी ‘तेल्या’ हा जिवाणूजन्य रोग नव्या बागेत नेते. भारतात याची पहिली नोंद १९५२ मध्ये दिल्ली येथून झाली. जिवाणूचे वर्गीकरण पुढे अनेकदा बदलले आणि आता तो झॅन्थोमोनास सिट्री या जातीत धरला जातो. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या रोगाने महाराष्ट्रातील बागांची मोठी हानी केली. त्याच काळात, २००५ मध्ये, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापूर येथे स्थापन झाले. ‘सोलापूर लाल’ (२०१७) हा संकरित वाण याच केंद्राचा.

ऊती संवर्धित रोप रोगमुक्त असू शकते, पण रोगप्रतिकारक नसते. पावसाचे उडणारे थेंब आणि छाटणीची कात्री यांमुळे तेल्या त्यालाही होतो, त्यामुळे बागेची स्वच्छता व बहाराची (फुलोऱ्याच्या हंगामाची) निवड टाळता येत नाही. हे न सांगता होणारी विक्री शेतकऱ्याची दिशाभूल करते. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय प्रमाणन व्यवस्थेत मान्यताप्राप्त प्रयोगशाळांतील रोपांची विषाणुमुक्तता व आनुवंशिक एकरूपता तपासली जाते. तेल्याचा जिवाणू ऊतींच्या आतही टिकून राहू शकत असल्याने डाळिंबात मातृवृक्षाची स्वतंत्र तपासणी आवश्यक ठरते.