लिश्टनस्टाइन हा स्वित्झर्लंडचा भाग नाही

वर्षानुवर्षे फिरणारा एक दावा असा: स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्यामधला लिश्टनस्टाइन हा नावापुरताच देश आहे, तिथे स्विस फ्रँक चालतो, सीमेवर कोणी अडवत नाही, म्हणजे तो स्वित्झर्लंडचाच प्रांत.

यातली निरीक्षणे खरी आहेत, निष्कर्ष मात्र चुकतो. पहिल्या महायुद्धापर्यंत या सुमारे 160 चौरस किलोमीटरच्या देशाचा जकात करार ऑस्ट्रियाशी होता. 1919 मध्ये तो मोडला आणि 1923 मध्ये स्वित्झर्लंडशी नवा करार झाला. तेव्हापासून दोघांची जकात एक. फ्रँकही त्याच सुमारास आला. पण जकात एक झाली म्हणून राज्य एक होत नाही. इथे स्वतःचा राज्यप्रमुख राजपुत्र (प्रिन्स), संसद, कायदे आणि पासपोर्ट आहेत.

सर्वात ठोस पुरावा सदस्यत्वाचा. लिश्टनस्टाइन 1990 मध्ये संयुक्त राष्ट्रांत गेला, स्वित्झर्लंड 2002 मध्ये. युरोपियन आर्थिक क्षेत्रात, म्हणजे युरोपियन युनियन आणि बाहेरच्या काही देशांच्या सामाईक बाजारपेठेत, लिश्टनस्टाइन 1995 पासून आहे, स्वित्झर्लंड आजही नाही.

पडताळा घरबसल्या घेता येतो. संयुक्त राष्ट्रांच्या सदस्यांच्या यादीत दोन्ही नावे वेगळी दिसतील. फोनचा कोड पाहा: स्वित्झर्लंडचा +41, लिश्टनस्टाइनचा +423. लिश्टनस्टाइनमधल्या गाड्यांच्या पाटीवर 'एफएल' (देशाच्या जर्मन नावाची, फ्युर्स्टेन्टुम लिश्टनस्टाइनची, आद्याक्षरे) असते.

प्रवाशांना हा फरक खिशात जाणवतो. युरोपियन युनियनमधल्या सिमचे नेहमीचे रोमिंग आर्थिक क्षेत्रात असल्यामुळे लिश्टनस्टाइनमध्ये लागू होते, स्वित्झर्लंडमध्ये ते गृहीत धरता येत नाही. दोघांच्या सीमेवरच्या ऱ्हाईन नदीकाठी फोन पलीकडचा स्विस टॉवर पकडू शकतो आणि बिल वाढते. तिथे नेटवर्क हाताने निवडावे.