प्रवर्तकांचा नफा नेमका कोणत्या कंपनीत मुरतो?

एका प्रवर्तक कुटुंबाकडे, म्हणजे कंपन्या स्थापून त्यांचा ताबा ठेवणाऱ्या कुटुंबाकडे, पहिल्या कंपनीचे १० टक्के आणि दुसऱ्या कंपनीचे ५० टक्के भाग आहेत, असे समजू. पहिल्या कंपनीतील १०० रुपये दुसरीकडे वळवले, तर कुटुंब एका हाताने १० रुपये गमावते आणि दुसऱ्या हाताने ५० कमावते. म्हणजे निव्वळ ४० रुपये त्याच्या पदरात पडतात, आणि ९० रुपयांचा भार पहिल्या कंपनीच्या इतर भागधारकांवर येतो. हे पैसे वळवण्यासाठी तिजोरी फोडावी लागत नाही. स्वस्तात विक्री, चढ्या दराने खरेदी किंवा नाममात्र व्याजाचे कर्ज एवढे पुरते, आणि यातील प्रत्येक व्यवहार कागदोपत्री निर्दोष दिसू शकतो.

मग ही वळवावळव बाहेरून ओळखायची कशी? मारियान बर्ट्रांड, पारस मेहता आणि सेंधिल मुल्लैनाथन या अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात त्यावर मोठी चतुर युक्ती योजली. आर्थिक आकडेवारी गोळा करणाऱ्या मुंबईच्या सीएमआयई संस्थेकडील भारतीय कंपन्यांची आकडेवारी घेऊन त्यांनी एकेका व्यवहाराच्या मागे न लागता संपूर्ण उद्योगाला लागणारे धक्के पाहिले. एखाद्या उद्योगात तेजी आली, की त्यातील प्रत्येक कंपनीचा नफा साधारण किती वाढायला हवा, याचा अंदाज बांधता येतो. स्वतंत्र कंपन्यांत ही वाढ बरीचशी दिसली. उद्योगसमूहातील कंपन्यांत मात्र ती कमी पडली. शिवाय ज्या कंपन्यांत प्रवर्तकांचा वाटा कमी, तिथली तेजी वाटा अधिक असलेल्या कंपन्यांच्या ताळेबंदात उमटत होती, पण उलट दिशेने तसे होत नव्हते. या निष्कर्षाला पुढे आव्हानही मिळाले. जॉर्डन सिगेल आणि पृथ्वीराज चौधरी यांनी २०१२ मध्ये असे मांडले, की समूहातील कंपन्यांची व्यवसायपद्धतीच स्वतंत्र कंपन्यांहून वेगळी असते आणि हा फरक हिशेबात धरला, तर लुटीचा निष्कर्ष टिकत नाही. हा वाद मला मूळ निबंधाइतकाच मोलाचा वाटतो, कारण पद्धत उघडपणे मांडलेली असल्यामुळेच ती तपासता आली.

प्रत्यक्षात मात्र १६ डिसेंबर २००८ रोजी सत्यम कंप्युटर या हैदराबादच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या संचालक मंडळासमोर हेच गणित आले होते. प्रवर्तकांचा सत्यममधील वाटा सुमारे ८ टक्के, तर बांधकाम आणि जमीनजुमल्याच्या व्यवसायातील मेटास नावाच्या दोन कंपन्यांतील वाटा सुमारे ३५ टक्के होता. आणि सत्यमने १६० कोटी डॉलर मोजून त्या मेटास घ्याव्यात, असा प्रस्ताव होता. मंडळावर हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक कृष्णा पालेपू आणि इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचे तत्कालीन डीन एम. राममोहन राव होते. प्रस्ताव मंजूर झाला, पण गुंतवणूकदार इतके खवळले की काही तासांतच तो मागे घ्यावा लागला. ७ जानेवारी २००९ च्या पत्रात सत्यमचे प्रवर्तक आणि अध्यक्ष रामलिंग राजू यांनी वेगळेच कारण कबूल केले: ताळेबंदातील रोख आणि बँक शिल्लक ५,०४० कोटी रुपयांनी फुगवलेली होती, आणि मेटासची खरेदी हा त्या काल्पनिक मालमत्तेच्या जागी खरी मालमत्ता आणण्याचा शेवटचा प्रयत्न होता.

व्यवस्थापनाच्या वर्गात हे प्रकरण बहुधा नीतिमत्तेच्या तासाला शिकवले जाते. माझ्या मते ते आधी अंकगणिताच्या तासाला यावे: विद्यार्थ्यांना भागधारणेचे आकडे द्यावेत, कंपन्यांची नावे झाकावीत आणि हा सौदा कोणाच्या फायद्याचा आहे, एवढेच विचारावे. नंतरच्या नियमांनी हाच प्रश्न कायद्यात आणला आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या अशा मोठ्या व्यवहाराला भागधारकांची मंजुरी लागते आणि संबंधित पक्षांना, म्हणजे प्रवर्तक आणि त्यांच्याशी जोडलेल्या व्यक्ती व कंपन्यांना, तिच्या बाजूने मत देता येत नाही. मात्र हा नियम लागू व्हायला व्यवहाराच्या पलीकडे कोणीतरी पक्ष असावा लागतो. सत्यमच्या बनावट बँक ठेवींना तसा पक्षच नव्हता. त्या पकडण्याचा मार्ग म्हणजे लेखापरीक्षकांनी थेट बँकांकडून शिल्लक पडताळून घेणे, आणि ती पडताळणी तिथे नीट झालीच नव्हती.