आलेखाचा तळ बघा

8 ऑक्टोबर 2005. अमेरिकेतल्या मोहावे वाळवंटात 'दार्पा ग्रँड चॅलेंज' ही विनाचालक गाड्यांची शर्यत होती. अंतर 212 किलोमीटर, बक्षीस 20 लाख डॉलर. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची 'प्रॉस्पेक्ट इलेव्हन' सुरुवातीला नीट धावली आणि वाटेतच थांबली. गाडीतल्या संगणकाची मेमरी संपली होती.

ही गाडी कॅमेऱ्यांनी समोरचे अडथळे टिपायची, त्यांची यादी ठेवायची आणि मागे पडलेला अडथळा यादीतून काढून टाकायची. प्रोग्रॅम सी-शार्पमध्ये लिहिलेला. या भाषेत नको असलेली मेमरी 'गार्बेज कलेक्टर' आपोआप मोकळी करतो. मग मेमरीची गळती, म्हणजे काम संपलेली मेमरी मोकळीच न होणं, कुठून आली? कलेक्टरचा नियम असा की, जिच्यापर्यंत प्रोग्रॅममधून अजून पोचता येतं, मेमरीतल्या त्या वस्तूला (म्हणजे माहितीच्या तुकड्याला) हात लावायचा नाही. प्रत्येक अडथळ्याची नोंद एका 'इव्हेंट'कडेही (काही घडलं की नोंदलेल्या सगळ्यांना कळवणारी सोय) झालेली होती. यादीतलं नाव गेलं, ही नोंद मात्र तशीच राहिली. त्यामुळे केव्हाच मागे पडलेले दगडधोंडे मेमरीत ठाण मांडून बसले. कोड वाचून मुलांना हे सापडलं नव्हतं. शर्यतीनंतर मेमरी प्रोफायलर, म्हणजे मेमरी कशात अडकलीय ते दाखवणारं साधन, चालवला, तेव्हा काही मिनिटांत चोर हाती लागला.

अशा साधनात पहिल्यांदा बघायचा तो आलेख. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर मेमरी. निरोगी प्रोग्रॅमची रेघ करवतीच्या दात्यांसारखी दिसते: वापर चढतो, कलेक्टर येतो, रेघ धपकन खाली. नवख्यांचं लक्ष शिखरांकडे जातं, पण बघायचा असतो तळ. समजा सफाईनंतर उरलेली मेमरी आधी 200 एमबी, मग 215, मग 230 अशी चढत चालली, तर काहीतरी अडकून राहतंय. अर्थात चढती रेघ म्हणजे गळतीच, असंही नाही. कॅश (पुन्हा लागेल म्हणून जवळ ठेवलेली माहिती) भरतानाही रेघ चढते, पण ती पुढे सपाट होते. हा फरक पाच मिनिटांत कळत नाही, कधी कधी रात्रभर प्रोग्रॅम चालू ठेवावा लागतो. (रोज रात्री सर्व्हर रिस्टार्ट करणाऱ्या टीमला तो कधीच दिसत नाही!)

आलेख गळती आहे एवढंच सांगतो. कोण गळतंय ते शोधायला स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणी मेमरीत काय काय आहे त्याची नोंद, लागतात. क्रोम ब्राउझरमधल्या डेव्हटूल्समध्ये (प्रोग्रॅमरसाठीची साधनं) 'मेमरी' टॅब उघडा, एक स्नॅपशॉट घ्या. वेब पानावरची एखादी खिडकी दहा वेळा उघडून बंद करा, दुसरा घ्या आणि दोन्हींची तुलना करा. एखाद्या वस्तूची संख्या नेमकी दहाने वाढलेली दिसली, की गळती तिथेच असं समजायचं. खाली 'रिटेनर्स'मध्ये तिला कुणी धरून ठेवलंय त्याची साखळीच मिळते.

आलेख कशाचा काढता, यावरही बरंच अवलंबून असतं. 22 ऑक्टोबर 2012 रोजी ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातल्या क्लाउड सेवेत बिघाड झाला आणि रेडिटसारख्या साइट कोलमडल्या. माहिती गोळा करणारा एक दुय्यम प्रोग्रॅम, बदललेल्या सर्व्हरचा जुनाच पत्ता पुन्हापुन्हा गाठू पाहत होता आणि प्रत्येक प्रयत्नात थोडी मेमरी गिळत होता. देखरेख होती, पण ती सर्व्हरच्या एकूण मेमरीवर. तिथला वापर एरवीही इतका वरखाली व्हायचा की धोक्याची घंटा वाजलीच नाही. अशा दुय्यम प्रोग्रॅमना मेमरीची मर्यादा घालायचं त्यानंतर ठरलं.