वडोदऱ्यातील कामगारांसाठी वेतनकरार: मागणीपत्रापासून समेट अधिकाऱ्यासमोरच्या सहीपर्यंत

जुन्या वेतनकराराची मुदत संपत आली की कारखान्यात चर्चा रंगते ती वाढीच्या आकड्याची. तो करार नेमका कोणाला लागू होणार आणि व्यवस्थापनाने तो पाळला नाही तर पैसे कसे वसूल करायचे, याचा विचार फारसा होत नाही. या प्रश्नांची उत्तरे सही कोणी केली, कोणत्या अधिकाराने केली आणि कोणासमोर केली यावर अवलंबून असतात. म्हणून या लेखात रकमेपेक्षा प्रक्रियेला अधिक जागा दिली आहे.

औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि १९२६ चा कामगार संघटना कायदा, १९४६ चा स्थायी आदेशांचा कायदा व १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा या तिन्हींची जागा तिने घेतली. मकरपुरा किंवा नंदेसरीच्या कारखान्यांतील जुने कार्यकर्ते अजूनही 'बारा-तीनचा करार' (कलम १२(३), समेट अधिकाऱ्यासमोरचा) आणि 'अठरा-एकचा करार' (कलम १८(१), आपसांतला) अशीच भाषा वापरतात. ती कलमे १९४७ च्या कायद्यातील होती, परंतु त्यांमागचा भेद नव्या संहितेत कायम आहे आणि पुढे त्याचा सविस्तर विचार केला आहे.

कोणत्या कार्यालयात जायचे

अर्ज कोठे करायचा हे आस्थापना कोठे आहे आणि कोणाच्या मालकीची आहे यावर ठरते; कामगार कोठे राहतो याला येथे महत्त्व नाही. वडोदरा जिल्ह्यातील खाजगी कारखान्यासाठी 'समुचित सरकार', म्हणजे ज्याच्या अखत्यारीत प्रकरण येते ते सरकार, गुजरात राज्याचे असते, त्यामुळे प्रकरण राज्याच्या श्रम आयुक्तालयाच्या वडोदरा येथील कार्यालयाकडे जाते. दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात घर असलेला वेल्डर दहेजच्या खाजगी जहाजबांधणी कारखान्यात कामाला असेल, तर त्याचे प्रकरण भरूच जिल्ह्याच्या कार्यालयाचे. हजीऱ्याला असेल, तर सुरतेचे. माझगाव डॉक किंवा गोवा शिपयार्ड यांसारख्या केंद्र सरकारच्या उपक्रमांत मात्र समुचित सरकार केंद्राचे असते आणि तेथे केंद्रीय श्रम यंत्रणेचा समेट अधिकारी (दोन्ही पक्षांत तडजोड घडवू पाहणारा सरकारी अधिकारी) काम पाहतो. केंद्राच्या उपक्रमात ठेकेदारामार्फत काम करणाऱ्यांच्या बाबतीतही केंद्र हेच समुचित सरकार धरले जाते, ही गोष्ट ठेक्यावर जाणाऱ्या फिटर-वेल्डरांनी विशेष लक्षात ठेवावी.

वाटाघाटीचा अधिकार कोणाला

वाटाघाटी करणारी संघटना नोंदणीकृत असावी लागते. किमान ७ सदस्य नोंदणीसाठी अर्ज करू शकतात. मात्र अर्जाच्या दिवशी त्या आस्थापनेतील किंवा उद्योगातील १० टक्के कामगार अथवा १०० कामगार, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके, संघटनेचे सदस्य असले पाहिजेत. अर्जासोबत प्रतिज्ञापत्र, संघटनेची नियमावली व ती स्वीकारल्याचा ठराव, अर्जदार सदस्यांची नावे, व्यवसाय व कामाचे ठिकाण, आणि पदाधिकाऱ्यांची नावे, वय, पत्ते व व्यवसाय द्यावे लागतात. संघटना एक वर्षाहून जुनी असेल तर मालमत्ता व देण्यांचे विवरणही जोडावे लागते. १९२६ च्या कायद्याखाली नोंदलेल्या संघटनांची नोंदणी नव्या संहितेखाली झाली असे मानले जाते. मात्र नियमावली नव्या तरतुदींनुसार सुधारल्याचे निवेदन सुधारित नियमावलीसह निबंधकाकडे द्यावे लागते. हे काम मागे पडले असेल तर मागणीपत्राच्या आधी तेच उरकावे, कारण समोरच्या वकिलाची पहिली हरकत बहुधा नोंदणीवरच येते.

'कामगार' या व्याख्येत व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारे येत नाहीत. पर्यवेक्षकाचे वेतन दरमहा १८,००० रुपयांपेक्षा अधिक असेल तर तोही व्याख्येबाहेर जातो. ही मर्यादा केंद्र सरकार अधिसूचनेने बदलू शकते. नुसत्या पदनामावरून निर्णय करू नये. हुद्दा सुपरवायझरचा आणि दिवसभर हातात वेल्डिंगची होल्डर, असे चित्र कारखान्यांत दुर्मीळ नाही, आणि अशा वादात प्रत्यक्ष काम काय आहे ते पाहिले जाते.

आता मुख्य अट. कलम १४ नुसार आस्थापनेत एकच नोंदणीकृत संघटना असेल, तर विहित निकषांच्या अधीन राहून मालकाने तिला एकमेव वाटाघाटी संघटना म्हणून मान्यता द्यायची आहे. एकाहून अधिक संघटना असतील, तर हजेरीपटावरील ५१ टक्के किंवा त्याहून अधिक कामगारांचा पाठिंबा असणारी संघटना वाटाघाटी करते. तितका पाठिंबा कोणालाच नसेल तर वाटाघाटी परिषद स्थापन होते आणि किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांना दर २० टक्क्यांमागे एक प्रतिनिधी या प्रमाणात तीत स्थान मिळते. ही मान्यता ३ वर्षांसाठी असते. मालक व संघटना यांनी परस्पर ठरवल्यास ती वाढते, परंतु एकूण ५ वर्षांपलीकडे जात नाही. मोजणी आस्थापनेच्या हजेरीपटावर होते आणि ठेकेदाराचे कामगार सहसा ठेकेदाराच्या हजेरीपटावर असतात, त्यामुळे दोन्ही याद्या वेगळ्या ठेवूनच पाठिंब्याचा हिशेब करावा.

मागणीपत्र आणि त्यासोबतची कागदपत्रे

मागणीपत्र देण्यापूर्वी सर्वसाधारण सभा घेऊन दोन ठराव स्पष्ट शब्दांत करावेत: मागण्यांना मंजुरी देणारा एक, आणि नावानिशी पदाधिकाऱ्यांना वाटाघाटी करण्याचा व सही करण्याचा अधिकार देणारा दुसरा. दुसरा ठराव नसताना झालेली सही पुढे आव्हानाला मोकळी राहते. सभेचे इतिवृत्त मराठीत लिहिले असेल तर कार्यालयासाठी त्याची गुजराती प्रत करून तीवर अध्यक्ष व सचिवांच्या सह्या घ्याव्यात. याखेरीज नोंदणी प्रमाणपत्र, सदस्यांची यादी व वर्गणीच्या पावत्या, मागील कराराची पूर्ण प्रत, प्रत्येक श्रेणीतील दोन-तीन कामगारांच्या वेतनचिठ्ठ्या आणि कंपनीचा उपलब्ध वार्षिक ताळेबंद एका फाइलमध्ये ठेवावा. व्यवस्थापनाला दिलेल्या प्रत्येक पत्राच्या स्थळप्रतीवर आवक शिक्का, तारीख व सही घ्यावी. टपाल कारकून शिक्का द्यायला नकार देत असेल तर तेच पत्र पोचपावतीसह नोंदणीकृत टपालाने पाठवावे.

मागणीपत्र देण्यापूर्वीच जुन्या कराराच्या मुदतीचे कलम नीट वाचावे. मुदत संपली म्हणून करार आपोआप गळून पडत नाही: कलम ५८ नुसार, तो संपवण्याचा इरादा एका पक्षाने लेखी कळवल्यापासून ६० दिवस होईपर्यंत तो बंधनकारक राहतो. करारात मुदतच लिहिलेली नसेल तर तो सहीच्या तारखेपासून ६ महिन्यांचा धरला जातो. अनेक संघटना मागणीपत्र देतात आणि समाप्तीची नोटीस द्यायला विसरतात, मग व्यवस्थापन जुना करार चालू असल्याचे सांगून महिनोन्महिने बैठक टाळते.

मागणी मूळ वेतनात आहे की भत्त्यात, हेही मागणीपत्रात उघड लिहावे. वेतन संहिता, २०१९ च्या व्याख्येनुसार वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. समजा, एका फिटरला एकूण २४,००० रुपये मिळतात, त्यांत मूळ वेतन व महागाई भत्ता ९,००० आणि घरभाडे वगैरे वगळलेले भत्ते १५,००० आहेत. निम्मी रक्कम १२,००० होते, म्हणून भत्त्यांतील ३,००० वेतनात मिळवून वेतन १२,००० धरले जाईल. १५ दिवसांच्या वेतनाला २६ ने भागण्याच्या रीतीने ग्रॅच्युइटी काढली तर सेवेच्या प्रत्येक वर्षामागे ५,१९२ ऐवजी ६,९२३ रुपये होतात. मात्र निम्म्याची मर्यादा सांभाळून सगळी वाढ भत्त्यात ढकलली तर ग्रॅच्युइटीत काहीही भर पडत नाही. या कारणाने, माझ्या मते, भत्त्यातील मोठ्या वाढीपेक्षा मूळ वेतनातील थोडी लहान वाढ घेणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते.

बोलणी फिसकटल्यास

थेट बोलणी अडली की समेट अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा. गुजरातमधील कागदपत्रांत त्याला समाधान अधिकारी म्हटलेले आढळेल. अर्जात मागण्या, झालेल्या बैठकींच्या तारखा आणि व्यवस्थापनाची उत्तरे क्रमाने लिहावीत. वाद निर्माण झाल्यापासून दोन वर्षे उलटल्यावर समेटाची कार्यवाही होत नाही. अधिकाऱ्याने कार्यवाही सुरू झाल्यापासून ४५ दिवसांत आणि संपाची नोटीस आलेली असल्यास १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समेट न झाल्यास अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत कोणताही पक्ष स्वतः औद्योगिक न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतो. पूर्वी त्यासाठी सरकारने प्रकरण पाठवण्याची वाट पाहावी लागे. नव्या संहितेतील हा बदल कामगारांच्या खऱ्या उपयोगाचा आहे.

संपाच्या बाबतीत मात्र वाट अरुंद झाली आहे. १४ दिवसांच्या नोटिशीची सक्ती पूर्वी लोकोपयोगी सेवांपुरती होती, आता कलम ६२ नुसार ती प्रत्येक औद्योगिक आस्थापनेला लागू आहे. नोटीस दिल्यानंतर समेट अधिकाऱ्याने पहिली बैठक घेतली की कार्यवाही सुरू झाली असे मानले जाते, आणि ती चालू असताना व संपल्यानंतर ७ दिवसांपर्यंत संप करता येत नाही. न्यायाधिकरणासमोरील कार्यवाहीत ही बंदी निकालानंतर ६० दिवसांपर्यंत राहते. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच धरला जातो. बेकायदा संपात भाग घेणाऱ्या कामगाराला १,००० ते १०,००० रुपये दंड, एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

सही कोणासमोर करावी

मालक व संघटना यांनी आपसांत केलेला करार कलम ५७ नुसार केवळ त्या पक्षांना बांधतो. समेट कार्यवाहीत अधिकाऱ्यासमोर झालेला करार संघटनेबाहेरच्या कामगारांनाही, तसेच पुढे नोकरीत येणाऱ्यांनाही लागू होतो. जुन्या भाषेत पहिला अठरा-एकचा आणि दुसरा बारा-तीनचा. ज्या कारखान्यात दोन संघटना आहेत किंवा वर्षभरात नवी भरती होणार आहे, तेथे आपसांत सर्व ठरले असले तरी अंतिम सही समेट कार्यवाहीतच करण्याचा आग्रह धरावा. व्यवस्थापनही बहुधा याला तयार होते, कारण त्यालाही दुसऱ्या संघटनेचे वेगळे मागणीपत्र नको असते.

सहीपूर्वी करार कोणत्या तारखेपासून लागू आणि थकबाकी किती हप्त्यांत, कोणत्या महिन्याच्या पगारासोबत द्यायची, हे आकड्यांत लिहिले आहे ना ते पाहावे. थकबाकीतून संघटनेची वर्गणी कापायची असेल तर प्रत्येक कामगाराची लेखी संमती स्वतंत्रपणे घ्यावी. कराराची पूर्ण प्रत जोडपत्रांसह संघटनेकडे ठेवावी. करारानुसार देय झालेली रक्कम मिळाली नाही, तर कलम ५९ खाली वसुलीसाठी अर्ज करता येतो; तो रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करायचा असतो आणि त्यासोबत हीच प्रत व संबंधित महिन्यांच्या वेतनचिठ्ठ्या जोडाव्या लागतात.