इराण मुसलमान झाला, अरब झाला नाही

इराक, सीरिया, इजिप्त हे मुलूख सातव्या शतकात अरबांनी जिंकले आणि काही शतकांत तिथली बोलीही अरबी झाली. इराण त्याच तडाख्यात सापडला होता. सुमारे ६३६ साली कादिसियाच्या आणि ६४२ साली नहावंदच्या लढाईत इराणी फौजा हरल्या, आणि ६५१ साली शेवटचा सासानी बादशहा तिसरा यज्दगर्द मर्वजवळ मारला गेला. हळूहळू धर्म बदलला; फारसी मात्र राहिली.

याचं एक कारण दफ्तरात सापडतं. शेतसाऱ्याची आकारणी-वसुली अरब सरदारांना जमणारी नव्हती, म्हणून ती जुन्या कारकुनांकडेच राहिली, तीही पहलवीत, म्हणजे सासानी काळच्या जुन्या फारसीत. इराकचं दफ्तर अरबीत आलं ते सुमारे ६९७ साली, उमय्या खलिफांचा सुभेदार हज्जाज याच्या अमलात. ईशान्येकडच्या खुरासानात त्याला आणखी चाळीसेक वर्षं लागली. मग याच वर्गाने अरबी अशी आत्मसात केली की अरबी व्याकरणाचा पाया घालणारा सीबवैही इराणी निघाला, आणि पंचतंत्राचा पहलवी अवतार अरबीत नेणारा इब्न अल्-मुकफ्फाही.

धर्म बदलला म्हणून बरोबरी मिळत नव्हती. नवमुसलमानाला एखाद्या अरब टोळीचा ‘मौला’, म्हणजे आश्रित, व्हावं लागे. खजिना आटेल या भीतीने काही सुभेदार त्याच्याकडून जिझियाही घेत राहत. खुरासानातल्या उठावाने ७५० साली खलिफांचं उमय्या घराणं बुडवलं, त्यात या रागाचा मोठा वाटा होता. पुढे अब्बासी खलिफांच्या काळात शुऊबिया वाद, म्हणजे अरबेतर मुसलमान अरबांच्या बरोबरीचे की नाहीत हा वाद, पेटला, पण तो अरबी भाषेतच आणि कुराणातल्या आयतीचा आधार घेऊन. भांडण अरबांच्या वरचढपणाशी होतं, इस्लामशी नव्हे. ही गोष्ट आज दोन्ही बाजूंचे हौशी लोक सोयीने विसरतात.

दहाव्या शतकात बुखाऱ्याच्या सामानी दरबाराने फारसीला राजाश्रय दिला. लिपी अरबीच, फक्त प, च, झ्ह, ग यांच्यासाठी चार जादा अक्षरं. कुराणाच्या भाष्याचा फारसी तर्जुमा करण्याआधी उलेमांची संमती घेतली गेली. १०१० साली पुरा झालेला ‘शाहनामा’, प्राचीन इराणी राजांचं फिरदौसीने रचलेलं महाकाव्य, याच वातावरणातला. फिरदौसी स्वतः मुसलमान होता.

शिया पंथ म्हणजे अरबांना दिलेलं इराणी उत्तर, हे वरवर पटतं, पण टिकत नाही. १५०१पर्यंत बहुसंख्य इराणी सुन्नी होते. शिया पंथ राजधर्म केला तो तुर्की भाषेत कविता रचणाऱ्या सफवी बादशहा शाह इस्माईलने, आणि तो शिकवायला लेबनॉनच्या जबल आमिलमधून अरब पंडित आणावे लागले.

अरबांवर सगळं खापर फोडण्याची रीत एकोणिसाव्या शतकातली, मिर्झा आका खान कर्मानीसारख्या इराणी लेखकांची. तिला मुंबईचाही हातभार लागला. इथल्या पारशांनी १८५४ साली माणेकजी लिमजी हातरियांना इराणातल्या यज्द-कर्मानच्या जरथुश्त्री बांधवांसाठी पाठवलं. त्यांच्या खटपटीने १८८२ साली तिथला जिझिया रद्द झाला. तेहरानच्या शिकलेल्या मंडळींत प्राचीन इराणचं वेडही त्यांनी जोपासलं.

विसाव्या शतकातला इराणचा बादशहा रझा शाह याने पुढे या वेडाचं सरकारी धोरण केलं. १९३५ साली स्थापलेल्या फरहंगिस्तानने, म्हणजे भाषेच्या सरकारी अकादमीने, अरबी शब्द काढायला घेतले: ‘बलदिया’ची (नगरपालिका) ‘शहरदारी’ झाली, ‘अदलिया’ची (न्यायखातं) ‘दादगुस्तरी’. शिवकालीन राज्यव्यवहारकोशाची आठवण मराठी वाचकाला होणारच, फक्त तिथे बाहेर काढायची होती ती प्रामुख्याने फारसीच. रझा शाहच्या मुलाने १९७६ साली हिजरी सनच बदलून प्राचीन इराणी सम्राट सायरसपासूनचं २५३५ हे वर्ष लावलं; लोक इतके चिडले की १९७८ साली ते मागे घ्यावं लागलं.

१९८० साली इराकच्या सद्दाम हुसेनने इराणवरच्या स्वारीला कादिसियाचं नाव दिलं. इराणच्या सरहद्दीवरच्या खुजिस्तान प्रांतातले अरब आपल्या बाजूने उठतील हा त्याचा होरा होता. बहुतेक उठले नाहीत.