डबाबंद अन्नावरील आरंभीची सरकारी कारवाई (अमेरिका)

सडलेल्या किंवा भेसळ केलेल्या डबाबंद अन्नाविरुद्ध अमेरिकेच्या केंद्र सरकारची नियमित कारवाई सुरू झाली ती ३० जून १९०६ च्या शुद्ध अन्न व औषधी कायद्याने. १ जानेवारी १९०७ पासून तो लागू झाला. अंमलबजावणीचे काम कृषी खात्याच्या रसायन विभागाकडे होते व हार्वी वायली त्याचे प्रमुख होते. मांसासाठी त्याच दिवशी वेगळा तपासणी कायदा झाला. स्पेनविरुद्धच्या १८९८ च्या युद्धात सैनिकांना मिळालेल्या डबाबंद गोमांसावरून उठलेला गदारोळ लोक विसरले नव्हते.

भाज्या, फळे, मासे यांच्या कारखान्यांत मात्र सक्तीची तपासणी नव्हती. केंद्राचा अधिकार राज्याराज्यांतील व्यापारापुरता असल्याने निरीक्षक परराज्यात गेलेल्या मालाचा नमुना घेई, प्रयोगशाळा तो तपासे आणि माल पूर्णतः वा अंशतः घाणेरडा, कुजका ठरला की सरकारी वकील जप्तीसाठी न्यायालयात जाई. खटला थेट मालावर चाले. प्रतिवादी म्हणून डब्यांचीच नोंद होई. माल पाठवणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी जास्तीत जास्त २०० डॉलर दंड होता. मोठ्या कारखानदाराला एवढ्या दंडाचे काय भय? जप्तीनेच खरा वचक बसे.

या अधिकाराची कसोटी अंड्यांच्या ५० डब्यांवर लागली. हिपोलाइट एग कंपनीची, टिकण्यासाठी बोरिक आम्ल घातलेली आणि म्हणून भेसळीची ठरलेली ही अंडी मिझुरीतील सेंट लुइसहून इलिनॉयमधील पिओरियाच्या एका बेकरीकडे गेली होती. माल मुक्कामी पोचून कोठारात पडला आहे, तो विकायचा नसून बेकरीतच वापरायचा आहे, तेव्हा आता केंद्राचा त्याच्याशी संबंध नाही, असा कंपनीचा युक्तिवाद होता. १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. बेकायदा मालाला व्यापारात जागाच नाही, म्हणून तो मूळ वेष्टनात जिथे सापडेल तिथे जप्त करता येतो, असे न्यायालयाने ठरवले. तसे झाले नसते तर रेल्वेतून उतरवलेला प्रत्येक डबा कायद्याच्या हाताबाहेर गेला असता.

कुजकेपणा सिद्ध करणे अधिक अवघड होते. टोमॅटोची साले आणि टाकाऊ गर शिजवून, मसाला घालून केलेल्या केचपमध्ये सडका माल जिभेला कळत नसे. रसायन विभागातील बी. जे. हॉवर्ड यांनी त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू मोजण्याची पद्धत बसवली. शिजवल्याने बुरशी मरते, पण तिचे तंतू उरतात. हा पुरावा न्यायालयात टिके.

बॉट्युलिझमपुढे (नीट न तापवलेल्या बंद डब्यात वाढणाऱ्या जंतूंच्या विषाने होणारी प्राणघातक विषबाधा) मात्र ही सगळी व्यवस्था तोकडी पडली. ऑगस्ट १९१९ मध्ये ओहायोतील कँटन येथे एका मेजवानीत कॅलिफोर्नियाचे काळे ऑलिव्ह खाऊन सात माणसे दगावली. नंतर इतर शहरांतही मृत्यू झाले. जप्ती झाली, पण तोवर माल घरोघरी पोचलेला होता. विष कारखान्यातील अपुऱ्या उष्णतेमुळे तयार होत होते आणि तिथे केंद्राचा हात पोचत नव्हता. कॅलिफोर्नियाच्या आरोग्य मंडळाने १९२० मध्ये ऑलिव्हला २४०° फॅरनहाइटवर (सुमारे ११६° सेल्सियस) ४० मिनिटे तापवणे बंधनकारक केले, आणि १९२५ मध्ये राज्याने कारखाना तपासणीचा कायदाच केला. केंद्राच्या १९३० च्या दुरुस्तीने डबाबंद मालाचा दर्जा व डबा किती भरलेला असावा यांची मानके ठरवता येऊ लागली. निरोगी पण हलक्या मालावर तसा शिक्का मारणे भाग पडले. रोगजंतूंचा धोका असलेल्या मालाच्या कारखान्यांना परवान्याशिवाय माल बाहेर पाठवू न देण्याचा अधिकार केंद्राला १९३८ च्या नव्या कायद्याने मिळाला.